आमराई कुणाच्या नावावर होती?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

दुपारची भांडी झाली असतील. कुणी शेंगा फोडत बसली असेल, कुणी नातवंडाला थोपटत असेल. हातातलं काम सोडू नका, नुसते कान इकडे द्या. आज एक जुना सिनेमा सांगते आणि त्या सिनेमाच्या मागं जी खरी बाई होती तिचीही गोष्ट सांगते. दोन्हींत बराच फरक आहे, म्हणून तर आज हा विषय घेतला.

सिनेमाचं नाव ‘आम्रपाली’. १९६६ सालचा, हिंदी, रंगीत. दिग्दर्शक लेख टंडन. आम्रपाली झाली होती वैजयंतीमाला आणि मगधचा राजा अजातशत्रू झाला होता सुनील दत्त. संगीत शंकर-जयकिशनचं आणि आम्रपालीची गाणी लताबाईंच्या आवाजात. मी तो पाहिला गावच्या जत्रेत, तंबूमध्ये. तोवर सिनेमा जुना झाला होता, रीळ दोनदा तुटलं आणि माणसांनी शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घेतला. शेजारी माझी आजी पदर डोक्यावरून घेऊन बसली होती. शेवटी आम्रपाली सगळं टाकून बुद्धांच्या पायाशी जाते, तेव्हा आजी हळूच म्हणाली, “सुटली बाई.” मी लहान होते. कशातून सुटली, हे तेव्हा मी विचारलं नाही. आजी गेली, आणि विचारायचं राहूनच गेलं.

आता सिनेमाची कथा थोडक्यात सांगते. वैशाली आणि मगध यांचं वैर. मगधचा राजा अजातशत्रू लढाईत जखमी होतो आणि साध्या सैनिकाच्या वेशात वैशालीत लपतो. आम्रपाली त्याची शुश्रूषा करते, जीव लावते. तो शत्रूचा राजा आहे हे तिला ठाऊक नसतं. इकडे नाचात ती सगळ्यांना मागं टाकते आणि वैशालीची राजनर्तकी होते. कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. गाव तिला गद्दार ठरवून कोठडीत टाकतं. तिला सोडवायला अजातशत्रू वैशालीवर चालून येतो, नगर उद्ध्वस्त करतो आणि जिंकल्याच्या तोऱ्यात तिला घेऊन निघतो. तिला दिसतात ती मेलेली माणसं. तिथं तिचं मन उडतं, आणि ती बुद्धांना शरण जाते. मागोमाग राजाही तलवार ठेवतो.

सिनेमा देखणा आहे, यात वाद नाही. भारतातर्फे तो त्या वर्षी ऑस्करला पाठवला होता. पण इथल्या तिकीटबारीवर मात्र चालला नाही. वैजयंतीमालाबाईंनी पुढं १९६८ साली लग्न केलं, काही काळात सिनेमा सोडला, पण नाच सोडला नाही. २०२४ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. प्रसिद्धी सोडणाऱ्या बाईचं काम केलेली ही बाईसुद्धा ऐन भरात पडद्यावरून उतरली, एवढं जाता जाता सांगते.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलखाची. या सिनेमातले कपडे केले होते भानू अथैया यांनी. मूळच्या कोल्हापूरच्या, माहेरचं आडनाव राजोपाध्ये. पुढं ‘गांधी’ सिनेमाच्या कपड्यांसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळालेलं भारतातलं पहिलं माणूस म्हणजे ही कोल्हापूरची लेक. आम्रपालीच्या कपड्यांसाठी त्या अजिंठ्याला गेल्या, भिंतीवरच्या चित्रांतल्या बायका कापड कसं गुंडाळतात, कुठं गाठ मारतात, गळ्यात काय घालतात ते पाहिलं आणि त्यावरून कपडे बेतले. आता गंमत बघा. आम्रपाली बुद्धांच्या काळातली, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. आणि अजिंठ्याची ती नामांकित चित्रं साधारण पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या राज्यातली. म्हणजे बाई आणि तिची साडी यांच्यात हजारेक वर्षांचं अंतर पडलं! पण त्याहून जुनी अशी चित्रं दुसरीकडं आणायची कुठून? म्हणून या चुकीला मी चूक म्हणत नाही.

चूक म्हणायची ती दुसरीच आहे. तिच्याकडे वळू.

वैशाली आजच्या बिहारमध्ये, गंगेच्या उत्तरेला. तिथं जुन्या नगराचे अवशेष आहेत, जवळच कोल्हुआला अशोकाच्या काळचा सिंहाचा खांब अजून उभा आहे. तिथं राजा नव्हता. लिच्छवी नावाच्या कुळातली माणसं सभेत बसून कारभार चालवायची. वज्जी नावाचा मोठा संघ होता, त्याची ही राजधानी. आजकाल ‘जगातलं पहिलं गणराज्य’ असं कौतुकानं म्हणतात. सभा होती हे खरं. पण त्या सभेत बाया नव्हत्या, गुलामही नव्हते, हेही तितकंच खरं.

परंपरा सांगते की आम्रपाली आंब्याच्या झाडाखाली माळ्याला सापडली, म्हणून तिचं नाव आम्रपाली. पाली भाषेत अंबपाली. ती मोठी झाली तशी रूपाची ख्याती पसरली. लिच्छवी तरुण तिच्यासाठी भांडायला लागले. भांडण मिटवायला कारभाऱ्यांनी काय न्याय केला? ती कुणा एकाची नको, सगळ्यांची होऊ दे. म्हणजे गणिका. तिला कुणी विचारलं, असं गोष्टीत कुठंही येत नाही.

बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा जुना ग्रंथ आहे, विनयपिटक. त्यात राजगृहाचा एक व्यापारी वैशालीला येतो असा प्रसंग आहे. परत जाऊन तो आपल्या राजाला वैशालीचं वैभव सांगतो. किती वाडे, किती बागा, किती कमळांची तळी, आणि त्याच यादीत आम्रपाली! तिची एका रात्रीची किंमत पन्नास कार्षापण, म्हणजे पन्नास नाणी, आणि तिच्यामुळं नगराची आणखी भरभराट होते, असं तो सांगतो. मग राजगृहानंही सालवती नावाची मुलगी आपली गणिका म्हणून उभी केली आणि तिचा भाव शंभर ठेवला. शेजारच्या गावानं पाण्याची टाकी बांधली की आपल्याही गावाला तशीच पाहिजे, त्यातला प्रकार. बरं का, या सालवतीचा मुलगा म्हणजे जीवक, त्या काळचा सर्वांत नामवंत वैद्य. बुद्धांवरही त्यानंच उपचार केले.

तर आम्रपालीची प्रसिद्धी ही अशी. गावाच्या वैभवाच्या यादीतलं एक नाव.

आणि आता एक विचित्र जोड सांगते. बुद्धांच्या शेवटच्या प्रवासाचं वर्णन एका जुन्या सुत्तात आहे, महापरिनिब्बान सुत्त. त्याची सुरुवातच अशी होते की अजातशत्रूला वज्जींवर चाल करायची आहे, आणि तो आपला मंत्री वस्सकार याला बुद्धांकडे पाठवतो. बुद्ध थेट उत्तर देत नाहीत. ते आनंदाला सात गोष्टी विचारतात. वज्जी वरचेवर सभा भरवतात का, एकजुटीनं बसतात आणि एकजुटीनं उठतात का, थोरामोठ्यांचं ऐकतात का, अशा. आपल्या गटाच्या पंचसूत्रीत पहिलं सूत्र नियमित बैठक, ते काही कालचं नाही! या सातांमध्ये एक गोष्ट अशी आहे की वज्जी घराण्यातल्या बायका-मुलींना जबरदस्तीनं उचलून आणून ठेवत नाहीत ना? आनंद म्हणतो, नाही ठेवत. बुद्ध म्हणतात, हे सातही जोवर ते पाळतील तोवर त्यांची वाढच होईल.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलेच. घराण्यातल्या बायकांवर जबरदस्ती होत नव्हती. पण झाडाखाली सापडलेली, जिला घराणं नाही, तिचं काय? आम्रपाली त्या नियमाच्या बाहेरच राहिली.

त्याच सुत्तात पुढं ती स्वतः येते. बुद्ध तेव्हा ऐंशीच्या घरात होते, थकलेले. भिक्षूंसह वैशालीला आले आणि उतरले कुठं? आम्रपालीच्या आमराईत. ती आमराई तिची होती, बायांनो. सातबारा तेव्हा नव्हता, पण असता तर नाव तिचंच लागलं असतं. ज्या काळात बाईच्या नावावर जमीन असणं दुर्मीळ, त्या काळात. आता जे तिच्यावर लादलं गेलं त्यातूनच हा पैसा आला, हेही विसरून चालायचं नाही. दोन्ही एकदमच खरं आहे.

ती रथ जोडून निघाली. जिथवर रथ जाईल तिथवर रथानं, पुढं पायी. बुद्धांचं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, उद्याचं जेवण भिक्षूंसह माझ्याकडे घ्यावं. बुद्ध गप्प राहिले, म्हणजे होकार. ती परत फिरली. आता हा पुढचा देखावा सिनेमात असायला हवा होता असं मला फार वाटतं. समोरून लिच्छवी सरदारांचे रथ येत होते. कुणी निळे कपडे, निळे दागिने, कुणी सगळं पिवळं, कुणी तांबडं, कुणी पांढरं. आणि आम्रपालीनं बाजूला न होता आपला रथ त्यांच्या रथांना भिडवला. चाकाला चाक, आसाला आस, जूला जू. तालेवार पोरं चक्रावली. हे काय, म्हणून विचारायला लागली. ती म्हणाली, उद्या बुद्ध माझ्याकडे जेवणार आहेत. त्यांनी लाख देऊ केले, हे जेवण आम्हाला दे. तिनं सांगितलं की सगळ्या मुलखासकट वैशाली जरी मला दिली तरी हे जेवण देणार नाही. ज्या पोरांच्या भांडणापायी तिला सगळ्यांची केली, त्याच लिच्छवींना तिनं हा नकार दिला. त्यांनी बोटं मोडली, ह्या आंबेवालीनं आपल्याला हरवलं म्हणून. मग ते थेट बुद्धांकडे गेले आणि आपलं आमंत्रण पुढं केलं. बुद्ध म्हणाले, उद्याचं जेवण मी आम्रपालीकडे घेणार आहे, ते ठरलं. मोठा माणूस समोर आला म्हणून गणिकेला दिलेला शब्द त्यांनी बदलला नाही.

आपल्याकडे अजून काय होतं ते तुम्हीच सांगा. बाईनं आधी नंबर लावलेला असतो आणि कुणी पुढारी आला की ती मागं सरकते.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना आपल्या हातानं वाढलं आणि जेवणानंतर ती आमराई संघाला देऊन टाकली. पुढं पाचव्या शतकात चीनहून फाहियान नावाचा यात्रेकरू पायी आला, तेव्हाही वैशालीजवळची तिनं दान केलेली बाग त्याला दाखवत होते. वैशालीचे सरदार किती होते, त्यांची नावं काय, कुणाला आठवत नाहीत.

बुद्ध त्यानंतर वैशालीजवळच्या बेलुव गावी शेवटच्या वर्षावासाला राहिले. निघताना त्यांनी हत्तीसारखं सगळं अंग वळवून वैशालीकडे एकदा पाहिलं असं वर्णन आहे. पुढं काही महिन्यांत महापरिनिर्वाण.

आता सिनेमाची चूक. या सगळ्यात अजातशत्रूशी प्रेम कुठंच नाही! उलट जुनी टीका सांगते की आम्रपालीला मगधच्या राजापासून मुलगा झाला, पण तो राजा म्हणजे बिंबिसार, अजातशत्रूचा बाप. सिनेमावाल्यांनी बापाच्या जागी मुलगा आणून ठेवला. आणि वैशाली पडली ती बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर. तीही आधी भांडणं लावून. तोच मंत्री वस्सकार आत शिरला, एकाला दुसऱ्याविरुद्ध उठवत राहिला, सभेला जमणं बंद झालं आणि मग सैन्य आलं, अशी कथा आहे.

तुम्ही म्हणाल, सिनेमा आहे, थोडं इकडं तिकडं करणारच. ते मला मान्य आहे. पण बदल कुठल्या बाजूनं केला ते बघा. सिनेमात ती संसार सोडते कारण प्रियकरानं रक्त सांडलं. म्हणजे तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णयसुद्धा एका पुरुषाच्या करणीवर टांगलेला. ग्रंथात मात्र आधी कमावती, जमीनवाली बाई आहे, जी स्वतः रथ जोडते, स्वतः आमंत्रण देते, नाही म्हणते आणि आपली मालमत्ता आपल्या मनानं देते. भिक्षुणी ती त्यानंतर झाली. टीकेत म्हटलंय की तिचा मुलगा विमल कोंडञ्ञ भिक्षू झाला होता, त्याचं प्रवचन ऐकून.

भिक्षुणी होणं हेही सोपं नव्हतं. बायांना संघात जागा मिळाली ती याच वैशालीत. बुद्धांना सांभाळून वाढवणाऱ्या त्यांच्या मावशी, महाप्रजापती गौतमी, आधी विनंती करून नकार घेऊन आल्या होत्या. मग केस कापून, शाक्य बायांना बरोबर घेऊन त्या कपिलवस्तूपासून वैशालीपर्यंत चालत आल्या. पाय सुजलेले, अंगावर धूळ, दाराबाहेर रडत उभ्या. आनंदानं त्यांची बाजू मांडली आणि विचारलं, बाईला अर्हत पद मिळू शकतं का? बुद्ध म्हणाले, मिळू शकतं. मग परवानगी दिली, पण आठ जड अटींसह. त्यातली पहिलीच अशी की भिक्षुणी शंभर वर्षांची जुनी असली तरी आज दीक्षा घेतलेल्या भिक्षूला तिनं वंदन करायचं. त्या अटी बुद्धांनीच घातल्या की मागाहून आल्या यावर अभ्यासकांत वाद आहे. मला विचाराल तर दार उघडलं हे मोठं आणि उंबरा उंच ठेवला हेही लपवायचं नाही.

उंबरा उंच असूनही बाया गेल्या. राण्या, दासी, लेकरं गमावलेल्या, नवऱ्याला विटलेल्या, गणिकाही. काशीची अड्ढकासी नावाची गणिका दीक्षेसाठी निघणार होती, तर वाटेत गुंड टपलेले. तेव्हा खास नियम करून तिला निरोप्यामार्फत दीक्षा दिली. या बायांनी रचलेल्या कविता एका ग्रंथात जपल्या आहेत, थेरीगाथा. त्र्याहत्तर कविता आहेत. बायांच्या स्वतःच्या शब्दांचा इतका जुना संग्रह जगात क्वचितच सापडेल. त्यात मुत्ता नावाची एक आहे. मुत्ता म्हणजे मुक्ता, सुटलेली. ती सांगते की मी तीन वाकड्या गोष्टींतून सुटले, उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा! हे मी आमच्या गटाच्या बैठकीत सांगितलं, तर पाच मिनिटं कुणाला बोलता येईना, इतक्या हसल्या सगळ्या. मग एकदम शांत झाल्या.

आणि या बाया फक्त तिकडं दूर बिहारात होत्या असं नाही. आपल्या कार्ल्याच्या, कान्हेरीच्या, कुड्याच्या लेण्यांत ब्राह्मी अक्षरांत दानांचे लेख आहेत. त्यांत कितीतरी बायांची नावं आहेत, भिक्षुणींचीही. कुणी खांब दिला, कुणी पाण्याचं टाकं. कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला जाल तेव्हा शेजारच्या लेण्यात शिरा आणि त्या खांबांकडे बघा. अक्षरं वाचता येणार नाहीत, पण तिथं आहेत.

आम्रपालीचीही कविता थेरीगाथेत आहे, एकोणीस कडव्यांची. सिनेमा जिथं संपतो, त्याच्या कितीतरी पुढं ती कविता सुरू होते. सिनेमातली आम्रपाली शेवटपर्यंत तरुण आणि सुंदरच राहते. कवितेतली म्हातारी झाली आहे आणि स्वतःकडे निवांत बघते आहे. एकेक अवयव घेते. केस कसे काळेभोर होते, आता कसे तागासारखे झालेत. भुवया, डोळे, नाक, दात, आवाज, मान, हात, असं करत पायांपर्यंत येते. दर वेळी आधी काय होतं ते सांगते, मग आता काय आहे ते सांगते आणि बुद्धांचं म्हणणं खोटं नव्हतं असं म्हणून पुढं जाते. रडगाणं नाही. ज्या देहाला गावानं पन्नास नाण्यांचा भाव लावला, ज्याच्यावर भांडणं झाली, त्याचा हिशेब ती स्वतः करते, आणि कुणाची भीडभाड न ठेवता करते. शेवटी शरीराला ती जुन्या घराची उपमा देते, लिंपण गळून पडलेल्या घराची. दर दिवाळीला भिंती सारवणाऱ्या बाईला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

गेल्या महिन्यात मी त्या कवितेचा मराठी अर्थ गटात वाचून दाखवला. बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या. आमच्यात एक आत्या आहेत, वय सत्तरच्या वर, दात पडलेले, बोलायला कमी. बैठक संपली, वह्यांवर सह्या झाल्या, बाया उठायला लागल्या. आत्या मात्र बसून राहिल्या. मला हात करून जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “ते केसांचं परत एकदा वाच गं.”

मी वाचलं. त्यांनी डोक्यावरचा पदर जरा मागं घेतला आणि ऐकत राहिल्या.